काळी कोंबडी आणि तिची वही

कडकनाथ कोंबडी तुम्ही बाजारात पाहिली असेल. पिसे काळी, चोच काळी, पाय काळे. तुरासुद्धा तांबडा नाही, जांभळट काळा. कापली तर आतले मांस काळे आणि हाडेही काळपट. रक्त मात्र तांबडेच असते, बरे का. रक्तही काळे असते असे छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी कडकनाथ कधी कापलेली नसते.

ही कोंबडी मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर आणि धार या भागातली. नर्मदेच्या अलीकडे आपला नंदुरबार जिल्हा आणि पलीकडे अलीराजपूर. मधे नदी तेवढी. तिकडच्या भिल्ल आणि भिलाला लोकांनी ही जात पिढ्यान् पिढ्या सांभाळली. ते तिला कालामासी म्हणतात. कालामासी म्हणजे काळ्या मांसाची. दिवाळीनंतर देवीला या कोंबडीचा मान असतो.

ही जात लहान चणीची. पूर्ण वाढलेला कोंबडा पावणेदोन ते दोन किलो भरतो. कोंबडी सव्वा ते दीड किलो. तिच्यात तीन प्रकार आहेत. एक सगळा काळाभोर. दुसऱ्याच्या मानेवर पांढऱ्या रेघा असतात, त्याला पेन्सिल्ड म्हणतात. तिसऱ्याच्या मानेवर सोनेरी झाक असते. अंडे मात्र काळे नसते. ते फिकट बदामी असते.

मधल्या काळात ही कोंबडी फार कमी झाली. तेव्हा मध्य प्रदेश सरकारने 1978 साली झाबुआला तिच्यासाठी केंद्र काढले. जुलै 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. पैठणीला येवल्याचे नाव लागते, तसे या मांसाला झाबुआचे नाव लागले. मग मागणी वाढली. मागणी वाढली की नकली माल येतो. आम्हीही त्यात फसलो. ती गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीचा सगळा धडा तिच्यातूनच निघतो.

आम्ही कसे फसलो

आम्ही 2017 साली शाळेतून मोकळे झालो. घरी बसून हात रिकामे. आठवडी बाजारात एक माणूस डालग्यात काळी पिल्ले घेऊन आला होता. "गुर्जी, अस्सल झाबुआचा माल," असे म्हणाला. आम्ही बारा पिल्ले घेतली. पावती मागितली नाही. आयुष्यभर मुलांना "लिहून ठेवा, लिहून ठेवा" म्हणून सांगितले, आणि स्वतः एक ओळ लिहून घेतली नाही.

पिल्ले वाढली. सगळी काळी. आमची मंडळी खूश, आम्हीही खूश. मग त्यांनी अंडी दिली, ती उबवली. तेवीस पिल्ले निघाली. त्यांतली पाच पिल्ले पांढऱ्या पायांची आणि गोऱ्या कातडीची! आम्ही त्या माणसाला पुढच्या बाजारी गाठले. तो म्हणाला, "पाणी बदललं ना गुर्जी, त्यानं होतं तसं."

पाण्याने काही होत नाही. काय होते ते नीट समजून घेऊ. थोडे अवघड आहे, पण तुम्हाला जमेल.

प्रत्येक पिल्लाला कातडीच्या रंगाचे दोन शिक्के मिळतात असे समजा. एक आईकडून, एक बापाकडून. कडकनाथचा काळा शिक्का जबरदस्त असतो. दोन्ही शिक्के काळे असले तर पिल्लू काळे, हे उघडच आहे. पण एक काळा आणि एक गोरा असला तरी पिल्लू काळेच किंवा काळसर निघते. म्हणजे बाप कडकनाथ आणि आई साधी गावठी, तरी पिल्लू बाजारात कडकनाथ म्हणून खपते. काही वेळा रंग थोडा फिका पडतो. पण त्यासाठी पाहणारी नजर मुरलेली लागते.

आता अशीच दोन मिश्र पिल्ले मोठी होऊन एकत्र आली. दोघांकडेही एक काळा, एक गोरा. त्यांच्या पिल्लांत काय होईल? काळा-काळा, काळा-गोरा, गोरा-काळा, गोरा-गोरा. चारांत एक गोरे. आमच्या तेवीस पिल्लांत पाच गोरी निघाली, ती अशी.

कोणी म्हणेल, गोरी कापून खाल्ली की उरलेली शुद्ध झाली. नाही झाली. उरलेल्या तिनांत दोघांच्या पोटात गोरा शिक्का लपलेला आहेच. तो पुढच्या पिढीत पुन्हा वर येतो. आणि शिक्का काही रंगाचाच एकटा नसतो. चण, अंडी, काटकपणा, या सगळ्यांत भेसळ झालेली असते. ती तर दिसतही नाही.

या काळ्या रंगाचे मूळ शास्त्रज्ञांनी 2011 साली शोधून काढले. चीनमधली रेशमी पिसांची सिल्की कोंबडी, जावा बेटावरची चेमानी आणि आपला कडकनाथ यांचा रंग एकाच मुळाचा आहे. म्हणून सिल्कीचा संकर करूनही काळी पिल्ले काढता येतात. एक खूण लक्षात ठेवा. सिल्कीला पायाला पाच बोटे असतात. कडकनाथला चार. काळ्या पिल्लाला पाचवे बोट दिसले तर विकणाऱ्याला रामराम करावा.

पिल्ले घेताना चोच उघडून जीभ पाहावी. पायाचे तळवे पाहावे. पंख वर करून काखेतली कातडी पाहावी. कुठे गोरा ठिपका असेल तर घेऊ नये. पण सगळे काळे असले म्हणजे शुद्धच, असेही नाही. का नाही, ते वर आलेच आहे. काळी दिसणे ही पहिली परीक्षा. खरी परीक्षा आई-बापांच्या नोंदीची. म्हणून पिल्ले सरकारी केंद्रातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून घ्यावी, पावती घ्यावी, आणि ती पावती वहीत चिकटवावी.

आणखी एक फसवणूक याहून मोठी होती. 2019 साली सांगली-कोल्हापूरकडे आणि इतर जिल्ह्यांतही हजारो शेतकऱ्यांनी एका कंपनीकडे पैसे भरून कडकनाथ पिल्ले घेतली. कंपनी खाद्य देणार, अंडी आणि पक्षी चढ्या भावाने परत घेणार, असा करार होता. पुढे खाद्य यायचे थांबले. अंडी कोणी नेली नाहीत. शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. आमचा एक नातलग त्यात होता. चांगला शिकलेला. आम्ही त्याला विचारले, "करारात काय लिहिलं होतं?" तो म्हणाला, "काका, सही केली, वाचला नाही." तुम्ही आता वाचायला शिकला आहात. कागद हातात आला तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. समोरचा घाई करू लागला तर सावकाश वाचा.

कडकनाथच्या मांसात चरबी कमी असते, हे खरे आहे. पण दमा जातो, साखर उतरते, असे सांगून एकेक अंडे सोन्याच्या भावाने विकतात. आम्ही शाळामास्तर, वैद्य नव्हे. औषध डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि अंडे अंडे म्हणून खावे.

खुराडे आणि खाणे

खुराड्याबद्दल फार सांगत नाही. तुम्हाला ते आमच्याहून जास्त कळते. एका मोठ्या पक्ष्याला निदान दोन चौरस फूट जागा हवी. जमीन उंच हवी. खाली भाताचे तूस किंवा शेंगांची टरफले पसरावी आणि ती कोरडी ठेवावी. पावसाळ्यात ओली झाली की रक्ती हगवण लागते. जाळीला मुंगसाचे डोके शिरेल एवढे भोक राहू देऊ नये. बसायला दांडी आणि लोळायला कोपऱ्यात राख ठेवावी. राखेत लोळली की उवा-पिसवा कमी होतात.

ही कोंबडी मोकळी फिरून पोट भरणारी आहे. ज्वारी, मक्याचा भरडा, कोंडा, थोडी शेंगदाण्याची पेंड, हिरवा पाला आणि वाळवी सापडली तर वाळवी. अंडी देणाऱ्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा द्यावा. पेंडीला बुरशी लागली असेल तर ती देऊ नये. बुरशीने पिल्ले पटापट मरतात.

फार अंड्यांची आशा मात्र धरू नका. तलंग सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते. वर्षाला सुमारे शंभर अंडी, कधी त्याहून कमीच. पांढऱ्या विलायती कोंबडीशी हिची बरोबरी नाही.

मुलगा सासरी, मुलगी माहेरी

आता मुख्य गोष्ट. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. म्हणजे कळपातल्या प्रत्येक पिल्लाचा अर्धा वारसा त्या एका कोंबड्याकडून येतो. कोंबडा चुकला की सगळे घर चुकले.

आम्ही दुसऱ्यांदा चुकलो ते इथे. बाजारची पिल्ले काढून टाकली आणि झाबुआहून पावतीची पिल्ले आणली. त्यांतला एक कोंबडा फार देखणा निघाला. त्याच्यावर आमचा जीव जडला. आम्ही तोच तीन वर्षे ठेवला. आधी त्याच्या जोडीला त्याच्या मुली आल्या, मग नाती आल्या. पहिल्या वर्षी बारा अंड्यांतून आठ-नऊ पिल्ले निघत. तिसऱ्या वर्षी चार-पाच निघू लागली. एकाची बोटे वाकडी, एक जन्मतःच लुळे. आम्ही कधी खाद्याला दोष दिला, कधी उन्हाळ्याला. दोष आमच्या मायेचा होता. एका गोत्रात आपण सोयरीक करीत नाही. कोंबड्यांत मात्र बापलेकींची जोडी आम्ही खुशाल तीन वर्षे चालू दिली.

यावर सोपा उपाय आहे. तीन घरांनी मिळून ही जात पाळावी. प्रत्येक घरचा कळप वेगळा. माणसांत मुलगी सासरी जाते. इथे उलटे करायचे. तलंग माहेरीच राहते आणि तरणा कोंबडा सासरी जातो. पहिल्या घरचा कोंबडा दुसऱ्या घरी, दुसऱ्याचा तिसऱ्या घरी, तिसऱ्याचा पहिल्या घरी. दर वर्षी नवा कोंबडा, आणि दिशा कधी बदलायची नाही. अशाने बापलेक आणि बहीणभाऊ एकत्र येत नाहीत. चार-पाच वर्षांनी सरकारी केंद्रातून एखादा नवा कोंबडा आणावा.

तिसरे घर दुसऱ्या गावचे असले तर उत्तम. जानेवारी 2021 मध्ये झाबुआ जिल्ह्यातच कडकनाथच्या एका फार्मवर बर्ड फ्लू शिरला. क्रिकेटवाल्या धोनीने मागवलेली दोन हजार पिल्ले त्या वेळी जाऊ शकली नाहीत. असा रोग आला की आसपासचे निरोगी पक्षीही मारावे लागतात. सगळे बियाणे एकाच कणगीत असेल तर पुढच्या पेरणीला काय उरणार? मात्र कुठे रोगाची बातमी असेल तेव्हा कोंबड्यांची देवाणघेवाण बंद ठेवावी आणि पक्षी एकदम मरू लागले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे.

ही सगळी व्यवस्था डोक्यात राहत नाही. त्यासाठी वही हवी. शाळेतली साधी चौकटीची वही चालते. पक्ष्याच्या पायात रंगीत कडे घालावे आणि नंबर द्यावा. वहीतली एक ओळ अशी असते:

तलंग नंबर 7. डावा पाय, तांबडे कडे. आई नंबर 3. बाप दुसऱ्या घरचा, पिवळे कडे. अंड्यातून बाहेर 17 डिसेंबर.

एवढे लिहिता आले की पुरे. अक्षर वळणदार नसले तरी चालेल.

अंडी आणि पिल्ले

उबवायची अंडी सात दिवसांच्या आतली घ्यावी. तोवर ती थंड जागी, निमुळते टोक खाली करून ठेवावी. धुऊ नयेत. कडकनाथ कोंबडी रवणावर बसण्यात कच्ची. दोन दिवस बसेल आणि उठून जाईल. म्हणून आमच्याकडे या कामाला एक गावठी कोंबडी ठेवली आहे. ती खुडूक झाली की तिच्याखाली कडकनाथची दहा-बारा अंडी ठेवतो. काळी पिल्ले ती आपलीच समजून फिरवते. कोणी जवळ आले तर पिसे फुलवून अंगावर येते. गावठी कोंबडी ठेवावी, गावठी कोंबडा मात्र ठेवू नये.

सातव्या रात्री अंडी टॉर्चच्या उजेडावर धरून पाहावी. आत कोळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर अंडे जिवंत. स्वच्छ दिसले तर ते फोल, काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात.

आई नसेल तर दिव्याची ऊब द्यावी. पिल्ले दिव्याखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते. दूर पळून चोच वासत असतील तर उकडते. सारखी पसरली असतील तर ठीक. थर्मामीटरपेक्षा पिल्ले खरे सांगतात.

मानमोडीची लस चुकवू नका. याच रोगाला राणीखेत म्हणतात. एकदा तो घरात शिरला की कडकनाथ काय आणि गावठी काय, खुराडे एका आठवड्यात रिकामे होते. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच लस पुन्हा. दोन महिन्यांची झाली की टोचायची लस असते. देवीची लसही असते. तारखा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. लस बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की लगेच संपवावी लागते. एका बाटलीत शंभर-दोनशे पक्ष्यांची लस येते. तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवावा. खर्चही वाटला जातो.

मावशींनी आम्हाला थांबवले

आमच्या तीन घरांतले दुसरे घर शेजारच्या मावशींचे. साठीला आल्या तेव्हा त्या प्रौढ वर्गात बसल्या. वर्ग आम्हीच घेत होतो. अक्षर अजून मोठे आणि तिरके आहे, पण वहीत एक दिवस चुकत नाही.

एका नोव्हेंबरची गोष्ट. शहाद्याचा एक गिऱ्हाईक आमच्याकडे आला. त्याला शुद्ध कडकनाथची पिल्ले हवी होती आणि तो आगाऊ पैसे द्यायला तयार होता. आमच्या कोंबड्या तेव्हा अंड्यावर नव्हत्या. आम्ही मावशींकडे गेलो. तारीख 12. त्यांच्या टोपलीत नऊ ताजी अंडी होती.

"मावशी, आमची गावठी आजच खुडूक झाली आहे. ही नऊ अंडी द्या, बसवून टाकू."

"नाही गुर्जी, ही खायची अंडी. बसवायची नाहीत."

"का बरं? चांगली तर दिसताहेत."

त्यांनी फळीवरून वही काढली आणि बोट ठेवून वाचू लागल्या. "चार तारीख. सकाळी. खालच्या आळीचा तांबडा कोंबडा कुंपणावरून आत आला. दुपारी हाकलला."

"एका सकाळीने काय होतंय?" आम्ही म्हणालो. खरे सांगतो, त्या वेळी आमचे लक्ष गिऱ्हाइकाच्या पैशांवर होते.

"वा गुर्जी! तुम्हीच फळ्यावर लिहून दिलं होतं. कोंबडा एकदा येऊन गेला तरी त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे राहतं. चार आणि एकवीस किती?"

"पंचवीस," आम्ही म्हणालो.

"मग पंचवीस तारखेपर्यंत अंडी खायची आणि विकायची. पिल्लू काळंच निघेल, त्या माणसाला कळणारही नाही. पण माझ्या वहीत बापाच्या जागी काय लिहू?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही गिऱ्हाइकाला खरे काय ते सांगितले. तो थोडा रागावला आणि निघून गेला. परत आला नाही. मावशींनी ती अंडी शाळेजवळच्या खानावळीत साध्या भावाने विकली. सव्वीस तारखेपासूनची अंडी त्यांनी वेगळ्या टोपलीत जमवली. अकरा झाली तेव्हा आमची गावठी कोंबडी अजून खुडूकच होती. तिच्याखाली ठेवली. सातव्या रात्री दोन फोल निघाली. एकविसाव्या दिवशी सात पिल्ले बाहेर आली, सातांच्या पायांचे तळवे काळे. मावशींनी सात ओळी लिहिल्या आणि बापाच्या जागी सातही वेळा लिहिले, "गुर्जींच्या घरचा, निळे कडे."

त्यांतला एक कोंबडा या वर्षी तिसऱ्या घरी गेला आहे.